जवसाचं तेल

जरा सरकून बसा, असे जवळ या. पाठ टेकायला खांब हवा असेल तर तोही आहे. टाळ खाली ठेवलेत, मृदंग आडवा केलाय, बुवा चहा घेताहेत. कीर्तनाचा उत्तररंग सुरू व्हायच्या आधी तेवढ्यात एक गोष्ट सांगून होईल, ती सांगतो. आपल्या वडनेर भोलजीच्या शेषरावांची आहे, आणि खरं म्हणजे एका टायरची आहे. देवादिकांचं त्यात काही नाही. तरी ऐका, कारण ऐकता ऐकता आपण एका माणसाच्या मनात थोडा वेळ बसून येऊ, आणि तिथं बसायला फार दिवसांत कोणी गेलेलं नाही.

नांदुरा स्टेशनवरून मुलाला, गोपालला, मोटारसायकलवर घेऊन येताना, हायवे सोडून गावात शिरायच्या वळणावर, गाडीचं मागचं चाक सरकलं. झालं ते एवढंच. डांबर भिजून वाळत आलेलं, सांज व्हायला अवकाश, समोर ना गाडी ना जनावर. शेषरावांनी नेहमीसारखी गाडी डाव्या अंगाला कलती केली आणि क्षणभर खालचा रस्ता नाहीसाच झाला. तुपाच्या ताटावरून बोट निसटावं तसं चाक बाजूला गेलं आणि मग आपलं आपणच थांबलं. पडलं कोणी नाही. गोपालचा पाय जमिनीला घासला, चपलेचा अंगठा तुटला, आणि त्याचा हात बापाच्या खांद्यावर पडला. नंतर जेव्हा जेव्हा शेषरावांना ते वळण आठवलं तेव्हा चाकाच्या आधी तो हात आठवला. पाचही बोटं, अख्खा तळवा, भिऊन घट्ट झालेला. पुण्याला राहायला गेल्यापासून गोपाल येताना वाकून पाया पडायचा, जाताना रिक्षातून हात हलवायचा. पण हे असं वजन खांद्यावर कधी पडलं होतं? सायकलच्या दांडीवर बसवून त्याला शाळेत नेत तेव्हा तो हँडल धरायचा. ताप आला तेव्हा आईला धरायचा. शेषरावांना वाटलं, हात थोडा वेळ राहील. तो उचलला गेला, मागच्या लोखंडी पकडीवर गेला आणि घरापर्यंत तिथंच राहिला. शेषरावांना मात्र त्या खांद्याची जागा गरम लागत होती, आणि असा प्रसंग असताना आपल्याला बरं वाटतंय याची त्यांना भीती वाटली.

गोपाल आला होता तो आईच्या श्राद्धाला. शालूबाई जाऊन काही वर्षं झालेली. विधी झाला, पान ठेवलं, कावळा लवकर शिवला, लोक जेवून गेले. सकाळी गोपाल अंगणात गाडीजवळ उकिडवा बसला आणि टायर पाहू लागला. त्यानं खिशातून नाणं काढून टायरच्या खाचेत उभं घातलं. नाणं चांगलं आत बुडालं. दुसऱ्या खाचेत घातलं, तिथंही बुडालं. टायर बदलायचा केव्हा ते कळायला असं पाहतात म्हणाला. नाणं उघडं राहिलं की टायर संपला. शेषराव दारात उभे राहून पाहत होते. टायर संपलेला असावा अशी त्यांनी मनातल्या मनात पांडुरंगाला विनवणी केली. गोपाल उठला, हात झटकले आणि म्हणाला, "टायर चांगलाय बाबा. नक्षी शाबूत आहे." पुढचं वाक्य त्यानं उच्चारलं नाही, ते अंगणातच उभं राहिलं. टायर चांगला, रस्ता चांगला, वळण रोजचं. मग सरकलं ते कोण?

निघायच्या वेळी गोपालनं खिळ्यावरची किल्ली काढून आपल्या खिशात घातली. आवाज चढवला नाही, उलट इतका मऊ बोलला की शेषरावांना तो डॉक्टरसारखा वाटला. वय झालं, हात तितके राहिले नाहीत, नजर राहिली नाही, यात लाजायचं काय. किराणा घरपोच येतो, दवाखान्याला ऑटो आहे. शेषराव म्हणाले, कीर्तनाले? त्यावर गोपाल म्हणाला, कीर्तनं आता मोबाइलवर लाईव्ह असतात, घरबसल्या दिसतात. त्यानं खरंच प्रेमानं दोन बुवांची कीर्तनं लावून दिली, आवाज कुठून वाढवायचा ते दाखवलं आणि गेला.

माणूस गेल्यावर घरात आवाज राहतो. गोपालनं बादली ठेवल्याचा, कडी लावल्याचा, शिंकल्याचा आवाज शेषरावांना दिवसभर ऐकू आला, आणि तो विरल्यावर ते स्वतःकडे पाहू लागले. पितळी तांब्या भरून हातावर धरला. पाणी हललं का? हललं. पण तांब्या धरला की पाणी हलतंच. सुईत दोरा ओवायला बसले, ओवला गेला, पण किती वेळ लागला ते कळलं नाही. अंगणातल्या फरशीच्या सांध्यावरून पावलापुढे पाऊल ठेवत चालले आणि शेवटाला भिंत धरावी लागली. भिंत जवळ होती म्हणून धरली की तोल गेला म्हणून धरली, हे त्यांना ठरवता येईना. त्यांच्या लक्षात आलं, की माणसाच्या खाचेत नाणं घालून पाहायची सोय नाही. झिजलो किती हे दुसऱ्यानं सांगावं लागतं, आणि सांगणारी दोन माणसं होती. एक श्राद्धाच्या पानावर जेवून गेली, दुसरं किल्ली घेऊन गेलं. मोबाइल लावला. बुवा छान होते, चाल गोड होती, टाळकऱ्यांचे पाय एका तालात पडत होते. पण कीर्तनात गेल्यावर मागच्या रांगेत बसलेली माणसं म्हणतात, सरका हो, शेषरावले बसू द्या. मांडीला मांडी लागते. शेजारच्याच्या अंगाचा घाम, तंबाखूचा, ओल्या उपरण्याचा वास येतो. कोणी न विचारता आपल्या पुढ्यात बुक्क्याची डबी सरकवतो. शेषरावांचं गाणं काही मोठं नव्हतं, टाळही ते बेताचाच वाजवत. त्यांना त्या सरकण्यासाठी जायचं असे. आपण आलो आणि कोणीतरी सरकलं. मोबाइलमधल्या कीर्तनात कोणी सरकलं नाही. आता ही गाडी गेली म्हणजे ते सगळंच गेलं, कारण सप्ताह असतात आडवाटेच्या गावांना, आणि कीर्तन सुटल्यावर तिकडून परत यायला एसटी नसते.

म्हणून एका सकाळी त्यांनी गाडी स्टँडवरून उतरवली आणि किल्ली नसलेली ती गाडी ढकलत हायवेकडे निघाले. नशीब, हँडल लॉक नव्हतं. पारावर भगवानराव बसलेले. दोघं एका वर्गात होते, म्हणून भगवानरावांना चिडवायचा परवाना. "काऊन बे शेषराव, आज बैल बसला काय?" ते म्हणाले. शेषराव म्हणाले, बसला नाही, दवाखान्यात नेऊन राह्यलो. भगवानराव म्हणाले, बैलाले का मालकाले? पारावरचे हसले. शेषरावही हसले, पण बोलणं लागलं ते लागलंच. तेवढंच तर विचारायला ते निघाले होते.

हायवेच्या कडेला फकीर मोहम्मदांचं टायरचं दुकान आहे. दोघांची ओळख जुनी, बैलगाडीच्या काळातली. तेव्हा फकीर मोहम्मदांचे वडील गाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवून देत. शेषरावांनी काय झालं ते मोजकं सांगितलं, खांद्यावरच्या हाताचं वगळून. फकीर मोहम्मदांनी मागचं चाक फिरवलं, खाचा पाहिल्या, मान हलवली. खाचा आहेत म्हणाले. मग टायरच्या कडेला अंगठ्याचं नख रुतवलं, ते रुतलं नाही. खाचांच्या बुडाशी केसासारख्या भेगा होत्या. कडेवर पिवळट, चिकट आणि कडक असा एक थर बसला होता, वाळलेल्या डिंकासारखा. मधल्या पट्ट्यावरचा रस्त्यानं घासून नेला होता, कडांचा तसाच होता. "हा घासला नाही शेषरावभाऊ, वाळला," ते म्हणाले. "सीधं चाललं तर काही नाही. गाडी कलली की ही कड टेकते, अन् हिले पकडच नाही. वरून काही लावता काय तुम्ही? डिझेल-गिझेल? पोरं लावतात चमक यावी म्हणून."

शेषराव म्हणाले, डिझेल नाही. हे खरंच होतं. फकीर मोहम्मदांनी थर नखानं खरवडून नाकाशी नेला, शेषरावांकडे पाहिलं, आणि मग नवीन टायर काढायला ते आत गेले. आतून त्यांच्या बायकोचा, अजीजुन्निसांचा, आवाज आला, चहा ठेवू का म्हणून, आणि शेषराव लाकडी बाकावर बसले. त्यांच्या नाकाशी कोणी काही नेलं नव्हतं, तरी त्यांना जवसाचा वास येऊ लागला.

त्यांची जोडी होती, हरण्या आणि लाख्या. पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदशेकणी व्हायची. वर्षभर जू वाहून रापलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद आणि जवसाचं तेल चोळायचं, गरम हातानं, हळू. हे काम शेषरावांचं. शालूबाई तेल कोमट करून वाटी पुढं करी, आणि तिचं लक्ष बैलापेक्षा नवऱ्याच्या हाताकडे असे. तिकडल्या अंगाले राह्यलं, म्हणे. हरण्या डोळे मिटायचा. लाख्याच्या कातडीवर एक शहारा मानेपासून पाठीपर्यंत धावत जायचा, आणि शेषरावांच्या तळव्याला तो कळायचा. मग गोपाल नोकरीला लागला, त्यानं पहिल्या वर्षीच बापाला ही गाडी घेतली. शेत बटईनं दुसऱ्याकडे गेलं, जोडी चांगल्या घरी गेली. शालूबाई होती तोवर पोळा कसातरी पुरणावर निभावला. ती गेल्यावरच्या पहिल्या पोळ्याला, आदल्या सांजेला, गल्लीतल्या गोठ्यागोठ्यातून तेलाचा वास येत होता आणि शेषरावांना आपल्या हातांचं काय करावं कळेना. भगवानरावांच्या गोठ्यात गेले. भगवानरावांनी वाटी दिली, पण परक्या हाताला बैल मागं सरले, एकानं शिंग उगारलं. शेषराव वाटी ठेवून घरी आले. दुसऱ्या वर्षी ते कुठं गेले नाहीत. अंगणात गाडी उभी होती. जवसाचं तेल कोमट केलं आणि चाकाशी बसले. रबर काळं होतं, थोडं तापलेलं होतं, हाताला जनावरासारखं लागलं. हसू नका. हाताला काय लागावं हे हातालाच ठाऊक. वर्षभर हीच तर वाहत होती त्यांना, गावोगावच्या मंडपांपर्यंत आणि परत. त्यांनी दोन्ही चाकं चोळली, मागचं जास्त, कारण भार मागच्यावर. मग दर पोळ्याला. या पोळ्याला तेल जरा अधिकच घेतलं होतं, कारण श्राद्धाला गोपाल यायचा होता आणि त्याला नांदुऱ्याहून याच गाडीवर आणायचं होतं.

चहा आला, निवला. शेषरावांना आधी सुटल्यासारखं झालं. म्हणजे हात शाबूत होते. नजर शाबूत होती. सरकला तो टायर. त्यांनी बाकावरच दोन्ही हात उपडे करून पाहिले आणि त्यांना त्या हातांचं कौतुक वाटलं. आणि पाहता पाहता तेच हात त्यांना परके वाटू लागले. टायर वाळवला कोणी? जवसाचं तेल वाळलं की त्याचा असाच कडक थर होतो. गोपालला हे सांगायचं म्हणजे किल्ली मागायची आणि त्याच तोंडानं सांगायचं, की तुझा बाप मोटारसायकलीला बैल समजून तेल चोळतो. नजरेचं वय झालं याला इलाज असतो. डोक्याचं वय झालं म्हटल्यावर माणसं हळू आवाजात बोलू लागतात, आणि मग पुण्याच्या फ्लॅटमधली एक खोली, आणि तिथल्या खिडकीत बसून मोबाइलवरचं कीर्तन. कुठल्याशा सप्ताहात एका बुवांनी दृष्टांत दिला होता. एक म्हातारी देवाला रोज दूध पाजायची, मायेनं इतकं कडकडीत, की देवाचे ओठ भाजायचे; देव फुंकर न घालता पिऊन टाकायचा, का तर म्हातारीला कळलं तर ती पाजायची थांबेल. मंडप हसला होता, मग रडला होता. शेषराव दोन्हींत होते. आता त्यांना वाटलं, देवाचं ठीक आहे, त्याला ओठ आहेत आणि माया आहे. रबराला काय? रबर आपलं वाळतं. आणि मागं पोरगं बसलेलं असतं. त्या वळणावर समोरून एखादा ट्रक असता तर? त्यांनी फकीर मोहम्मदांना सांगितलं, पुढचाही टायर बदला.

नवीन टायरची गाडी ढकलत घरी आणली. रबरावर बारीक बारीक कोंब होते, मिशी फुटावी तसे. त्याच आठवड्यात नाल्यापलीकडच्या गावात सप्ताह बसला; नाला भरलेला, आणि रस्त्यानं पायी जायला फेरा मोठा. वारा इकडचा असला की भोंग्याचा आवाज अंगणात यायचा. शब्द पोचत नव्हते, फक्त जयघोष पोचायचा, आणि त्याच्या आधी काय झालं हे शेषराव अंदाजानं ठरवायचे. आता बुवा थांबले असतील. आता हात वर गेले असतील. आता कोणी उशिरा आलेला आत शिरत असेल आणि मागची रांग सरकत असेल.

तिसऱ्या सांजेला त्यांनी गोपालला फोन लावला. टायर बदलले म्हणून सांगितलं; फकीर मोहम्मद म्हणतात टायर वाळला होता, चूक टायरची होती. गोपाल समजुतीनं म्हणाला, बाबा, टायरवाला दुसरं काय म्हणेल, त्याचं दुकान आहे. मी स्वतः नाणं घालून पाहिलं होतं. शेषराव म्हणाले, भेगा होत्या. गोपाल म्हणाला, गाडी तर सावलीत असते, मग वाळेल कसा? आणि इथं शेषरावांच्या पुढं दोनच वाटा राहिल्या. गप्प राहिले असते तर किल्ली पुण्यातच राहिली असती. पलीकडून भोंग्यावर जयघोष झाला.

"मी जवसाचं तेल चोळत होतो त्याले," शेषराव म्हणाले. "पोळ्याच्या आदल्या दिवशी. खांदशेकणीचं."

शेषरावांनी डोळे मिटले. आणि मग गोपाल हसला. आधी नाकातून, मग पोटातून, मग त्याला थांबताच येईना. आईच्या माघारी शेषरावांनी त्याला असं हसताना ऐकलं नव्हतं. त्यानं बायकोला हाक मारली, मनाली, ऐक ना, बाबांनी गाडीची खांदशेकणी केली. मनाली विचारत होती, म्हणजे काय? आणि गोपाल तिला सांगू लागला. आधी पुण्याच्या भाषेत, मग हसता हसता ती कुठं गळून पडली कोणास ठाऊक. अगं, आमच्याकडं बैलाले तेल लावतात खांद्याले, अन् कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी त्याले ताट करतात. अन् आमचे बाबा टायरले लावून राह्यले होते! शेषराव ऐकत होते. ते लावून राह्यले, ते बैलाले, कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडून येत होतं, आणि शेषरावांना वाटलं, अजून हसू दे, फोन ठेवायची घाई नको करू.

"मंग बाबा," गोपाल धाप लागल्यासारखा म्हणाला, "आवतन दिलं होतं काय तिले?"

"दिलं ना."

"अन् जेवाले काय वाढलं? सरकीची ढेप का पेट्रोल?"

"पुरणपोळी," शेषराव म्हणाले.

तिकडे हशाचा नवा लोट उठला. मनालीही हसत होती. बाबा, तुम्ही पण ना, ती म्हणाली. शेषरावही हसले, आणि त्यांच्या हसण्यात खोट नव्हती. हे खरंच झालं होतं, एवढंच त्यांनी सांगितलं नाही. पोळ्याच्या दुपारी त्यांनी गाडीसमोर पाट मांडून ताट ठेवलं होतं, आणि त्या घरात त्या दिवशी दोन पानं मांडली गेली म्हणून त्यांना जेवण गेलं होतं. गोपालनं डोळे पुसले असावेत. किल्ली उद्या कुरिअरनं पाठवतो म्हणाला, पण आता तेल नका लावू बाबा, आणि सांजेच्या आत परत या. शेषराव हो म्हणाले. क्षणभर फोनवर दोघंही होते आणि कोणी बोलत नव्हतं. गोपालनं विचारलं असतं, बाबा, काऊन लावलं हो तेल, तर काय सांगायचं हे शेषरावांच्या ओठांशी आलेलं होतं. गोपाल म्हणाला, ठेवतो मग.

किल्ली आली. दिवसाच्या कीर्तनांना शेषराव जातात, तुम्ही पाहिलेही असतील. टायरची गोष्ट गोपालच्या ऑफिसात सांगितली जाते, आपल्या पारावरही आली. भगवानराव त्यांना पाहिलं की विचारतात, गाडीले झूल शिवली काय, आणि शेषराव म्हणतात, शिंपी पाहून राह्यलो. तुम्हीही सांगाल ही गोष्ट पुढं, लोक हसतील, हसू द्या, हसण्यासारखीच आहे. बुवा उठले, मृदंगावर थाप पडेल आता. एवढंच मागणं आहे: तुमचं कोणी म्हातारं माणूस फोनवर तुम्हाला असलं काही वेड्यासारखं सांगेल, तुम्ही पोट धरून हसाल, आणि हसून झाल्यावर तिकडून थोडा वेळ काहीच आवाज येणार नाही, तेव्हा फोन ठेवू नका, आमच्या शेषरावांची आठवण करा.